अंदमानची सापसुरळी आणि बोर्डीची ओहोटी

मृत्यू कोणत्या रूपाने दारात येईल, सांगता येत नाही. बोर्डीला माझ्या मामांच्या दारात तो नारळाच्या रोपांच्या गोणपाटातून आला. रोपं जावयाने अंदमानहून आणली होती. मामा गाठ सोडायला लागले, तशी आतून तांब्यासारखी चकाकणारी सापसुरळी निघाली, त्यांच्या बोटाला चावली आणि चिकूच्या झाडांखाली दिसेनाशी झाली. शेपूट मात्र मामांच्या मुठीत राहिलं. त्यांनी ते झटकून टाकलं. ओट्यावर ते एकटंच वळवळत राहिलं.

आमच्याकडे समजूत अशी, की सापसुरळी चावली की पाण्याकडे धावते. माणूस तिच्याआधी पाणी प्यायला तर जगतो, नाहीतर ती जगते. मामा रेल्वेतून निवृत्त झालेले, अंधश्रद्धेवर भाषणं देणारे. बोट घट्ट धरून ते म्हणाले, "पाणी आण."

मामीने तांब्या आणला. "अहो, पण ती बेटावरची. तिला विहिरीचं काय ठाऊक? ती समुद्राकडेच जाणार. तिच्याआधी तिथलंच पाणी प्यायला हवं."

"मूर्खासारखं बोलू नकोस." मामांनी तांब्या एका दमात रिकामा केला आणि चपला शोधू लागले.

"जन्मभर भाषणं दिलीत, आता धावा!" मामी म्हणाली. ती रडत होती.

भर दुपार. सुरूच्या बनात पान हलत नव्हतं. बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो, की तो इथे होता यावर विश्वास बसत नाही. मामा आणि मी ओल्या वाळूवरून चालत राहिलो; पाण्याची रेघ होती तेवढीच लांब राहिली. मागे वळलो तर किनारा उन्हात विरघळलेला. वाळूवर एक बारीक नागमोडी रेघ समुद्राकडे गेली होती. गोगलगायीची असेल, असं मी म्हटलं. मामा थांबले नाहीत.

"पुढे गेली का रे ती?" आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"नाही, मामा." मला तरी कसं माहीत असणार?

शेवटी पाणी घोट्याला लागलं. मामा वाकले आणि ओंजळी भरभरून प्यायले.

संध्याकाळपर्यंत उलट्या थांबेनात, म्हणून त्यांना डहाणूला नेलं. डॉक्टरांनी बोट पाहिलं. दात धड उमटलेही नव्हते. सापसुरळीला विष नसतं, असं सांगून त्यांनी मामांना सलाइन लावलं. सलाइन म्हणजेही मिठाचंच पाणी.