अठरावी खूण

आमच्या गाडीखाली ग्रीस मारायच्या जागा सतरा आहेत. आज मी हे खात्रीने लिहू शकतो. अकरा महिने मला ते सांगता येत नव्हतं, आणि त्या अकरा महिन्यांत माझ्या सासूबाईंना त्यांच्या बहिणीला भेटता आलं नाही.

गाडी म्हणजे एका जुन्या मिनीबसचं केलेलं चालतं घर. आत दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी आणि छोटी मोरी. डहाणूतल्याच एका निवृत्त रेल्वे गार्डने ते स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घेतलं होतं. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर नवराबायकोने विटांच्या घराऐवजी चाकांचं घर केलं. ते वारले आणि महिन्याभरात पुतण्याने गाडी विकायला काढली.

आम्ही ती हौसेने घेतली नाही. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना अर्ध्या तासावर बसवत नव्हतं. थोरली बहीण वलसाडला अंथरुणाला खिळलेली. झोपून जायचं तर अ‍ॅम्ब्युलन्स होती, पण सासूबाईंनी हात जोडले. "त्या गाडीतून मी उतरले, तर मला बघूनच ती जाईल."

व्यवहाराच्या दिवशी माझ्या बायकोने पुतण्याला सरळ विचारलं, "काका गाडीत तर नाही ना गेले?"

"नाही हो वहिनी. गाडीत नाही." तो किल्ल्यांकडे बघत बोलला. मग म्हणाला, "फक्त एक करा. वर्षश्राद्ध होईपर्यंत काकूंकडे गाडीचा विषय काढू नका."

आम्ही कबूल झालो.

गाडीबरोबर तीन वस्तू आल्या. हाताने दाबायची ग्रीसगन, खाली आडवं होण्यासाठी रेक्झिनची पातळ गादी आणि एक दोनशे पानी वही. वहीत बत्तीस नोंदी होत्या. दर खेपेला उजव्या हाताचं नवं पान, मागची बाजू कोरी. वर किलोमीटरचा आकडा आणि खाली पहिल्याच ओळीत बरोबरच्या खुणा. आधी पाच, जागा सोडून चार, परत जागा सोडून आठ. आणि मग ओळीच्या अगदी शेवटी, एकटा, काळ्या ग्रीसचा एक ठिपका.

माझी नोकरी जमिनी मोजण्याची आहे. एक खुंट कमी सापडला तर मी शेतातून हलत नाही. या गाडीला जिथे ग्रीस भरायचं तिथे बोराएवढी पोलादी निपलं असतात. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टवर मला पाच सापडली. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या खुंटांवर चार, स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांवर आठ. पाच, चार, आठ. वहीशी तंतोतंत जुळलं. पण ठिपक्याची जागा सापडेना. मी असा अर्थ लावला, की अठरावं निपल कुठेतरी अवघड जागी असणार, हात माखल्याशिवाय तिथे पोचता येत नसणार, म्हणून पेनाऐवजी बोटाची खूण.

आणि बत्तिसाव्या पानावर सतरा खुणा होत्या. ठिपका नव्हता.

"म्हणजे शेवटच्या खेपेला ते राहिलं," बायको म्हणाली. "आणि तेव्हापासून कोरडंच आहे."

"असं दिसतंय."

"मग ते सापडल्याशिवाय आई या गाडीत चढणार नाही. हायवेवर काय तुटेल ते तुटेल, आणि ती आत आडवी."

तिचं चुकत होतं असं मला म्हणता आलं नाही. शाफ्टचा सांधा कोरडा राहिला तर झिजतो आणि वेगात निखळून पडतो. सुटलेला शाफ्ट खालून पत्रा फाडून वर येऊ शकतो. बिछाना नेमका त्याच्यावर होता.

अकरा महिन्यांत मी तीनदा खाली गेलो. पुढच्या चाकांना ठोकळे, मागचं एक चाक जॅकने उचलून खाली लोखंडी घोडी, गिअर न्यूट्रल. चाक उचलायचं कारण असं की शाफ्टवरची निपलं गोल फिरतात. जे वर गेलं असेल ते आपल्याकडे आणायला चाक हाताने फिरवावं लागतं. मी गादीवर उताणा झालो. गादीला खड्डा पडलेला होता, खांद्यांना एक, टाचांना दोन. मी टेपने मोजलं. गार्ड माझ्यापेक्षा चार सेंटिमीटर बुटके असावेत. बाकी मी त्या खड्ड्यात नीट बसत होतो.

पहिलं निपल वर होतं. चाकाकडे हात नेणार, तोच शाफ्ट आपोआप फिरला. सावकाश, पाव फेरा. निपल माझ्या तोंडासमोर येऊन थांबलं.

घाबरण्यासारखं काही नाही, असं मी स्वतःला समजावलं. उचललेल्या चाकाची जड बाजू खाली येते, तेवढ्याने शाफ्ट हलतो. ग्रीस भरलं, सहा दाब. दुसऱ्या निपलाकडे सरकलो. शाफ्ट पुन्हा फिरला आणि तेही माझ्या समोर येऊन थांबलं. जड बाजू एकदा खाली आली की ती दुसऱ्यांदा कुठून खाली येणार? एखाद्याला हत्यारं पुढे करायची सवय असावी तसं ते होतं. तिन्ही वेळा हेच झालं. मी हे बायकोला सांगितलं नाही.

दुसऱ्या खेपेनंतर गाडी अच्छाडला नेली. तिथे ट्रकांची कामं करणारा एक म्हातारा गुजराती मिस्त्री आहे. तो गाडीखाली वीस मिनिटं होता.

"साहेब, सतराच छे."

"वहीत अठरा आहेत."

"मग अठरावं तुमच्या डोक्याला बसवून देऊ काय? ग्रीसची गरज तिकडेच दिसते."

बायको हसली नाही. "त्यांनी एकतीस वेळा उगाच ठिपका केला का?" ती म्हणाली. मिस्त्रीने खांदे उडवले आणि चहा मागवला.

नंतर वलसाडहून फोन आला. मावशी आता माणसं ओळखत नाहीत, पण दुपारी धाकट्या बहिणीला हाक मारतात. सासूबाईंनी फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "जावईबापू, सतरा की अठरा ते ठरलं, की मला उठवा. तोवर मी झोपते."

वर्षश्राद्ध होऊन आठ दिवस गेले आणि आम्ही दोघं वही घेऊन स्कूटरवरून गंजाडला गेलो. गार्डांची बायको तिथे भावाच्या घरी असते. ओटीवर सुपात नाचणी पाखडत होती. तिने वही लगेच ओळखली, पदराला हात पुसले आणि मगच हातात घेतली.

मी आमची अडचण सांगितली. पाच, चार, आठ आणि तो ठिपका.

"ते निपल नाही," ती म्हणाली. "ते हे."

"हे म्हणजे?"

"ते खालून आकडा ओरडायचे. मी बाहेर स्टुलावर वही घेऊन. आकडा आला की मी 'हो' म्हणायची आणि खूण करायची. सतरा झाले की ते बाहेर यायचे, उभे राहायचे आणि बोट टेकवायचे. बोट टेकल्याशिवाय मी किल्ली द्यायची नाही. गार्ड होते ना. माणूस सुखरूप आत चढला किंवा बाहेर आला, हे बघितल्याशिवाय गाडी सोडायची नाही, असा त्यांचा नियम."

बायकोने माझ्याकडे बघितलं. इतके दिवस आम्ही ज्याला शोधत होतो ते निपल नव्हतंच. सतरा होती आणि सतराही भरलेली होती. मला एकदम हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी बत्तिसावं पान आठवलं.

तिने ते आपणहून उघडलं. "सतराव्याला मी हो म्हटलं. मग बसून राहिले. मला वाटलं, हत्यारं पुसताहेत. त्यांना पुसायला वेळ लागायचा." रिकाम्या जागेवर तिने अंगठा फिरवला. "डॉक्टर म्हणाले, हृदय. सगळी कामं मात्र केलेली होती. एक राहिलं नव्हतं."

"काकू, हे पान..." बायकोने सुरुवात केली.

"राहू दे तसंच. ते कुठे बाहेर आलेत अजून?"

गाडी लेट आहे म्हणावं, अशा साध्या आवाजात ती हे बोलली. मग सूप उचललं आणि भावजयीला आमच्यासाठी चहा टाकायला सांगितलं.

परत येताना बायको मागे बसून इतकंच म्हणाली, "गाडीत नाही म्हणाला तो पुतण्या. खोटं नाही बोलला."

दोन दिवसांनी सकाळी मी पुन्हा खाली गेलो. बायको स्टूल घेऊन बाहेर बसली, मांडीवर तीच वही, तेहतिसावं पान. मी आकडा ओरडायचा आणि ती 'हो' म्हणायची. घराच्या खिडकीतून सासूबाईही मोजत होत्या आणि मध्येच "अहो, नऊ दोनदा झालं!" असं खोटंच ओरडत होत्या. गादी मी तीच वापरली. शाफ्ट पाचही वेळा फिरला, पाचही वेळा थांबला. मला माझा श्वास ऐकू येत होता. तो एकट्याचा वाटत नव्हता.

सतरा झाले. मग बायकोचा आवाज आला, जरा चढलेला. "अहो, बाहेर या. आधी बाहेर या, हत्यारं राहू देत."

मी बाहेर आलो, उभा राहिलो, ओळीच्या शेवटी बोट टेकवलं. माझं ग्रीस तपकिरी आहे. तिने मला किल्ली दिली, मग खाली वाकून गाडीखाली बराच वेळ बघितलं.

"काय बघतेस?"

"काही नाही. गादी काढायची राहिली."

त्याच दिवशी आम्ही सासूबाईंना घेऊन निघालो. तलासरी, अच्छाड, पुढे हद्द ओलांडून वलसाड. त्या सगळ्या वाटेवर झोपून छताशी बोलत होत्या. मावशींनी त्यांना ओळखलं नाही, पण हात धरला आणि म्हणाल्या, "उशीर केलास." सासूबाई म्हणाल्या, "यांची मोजणी चालली होती." तीन दिवस दोघी एका खोलीत होत्या. आम्ही परतलो; चौदाव्या दिवशी मावशी गेल्या आणि आम्ही पुन्हा वलसाड गाठलं.

ते सगळं आटोपून घरी आल्यावर मी किलोमीटर लिहायला वही उघडली. बत्तिसाव्या पानावर, ओळीच्या शेवटी, रिकाम्या जागी एक गोल डाग उमटला होता.

त्याचं कारण मला माहीत आहे. माझा ठिपका ओला असताना वही मिटली, तो आधीच्या पानाच्या पाठीला लागला, आणि गाडीच्या उष्णतेत तेल कागदातून पुढे झिरपलं. मी मोजलं. पानाच्या कडेपासून माझा ठिपका नऊ मिलिमीटरवर, तो डाग अकरावर. पानं सरकतात, दोन मिलिमीटर सहज इकडे तिकडे होतात. परत मोजायला लागलो तेव्हा बायकोने वही मिटून घेतली आणि फडताळात ठेवली. गंजाडला न्यायची की नाही, ते तिने माझ्यावर सोडलेलं नाही.

पुढच्या खेपेला मी खाली गेलो. तीच जागा, तोच उतार, तेच चाक उचललेलं. पहिलं निपल वर होतं. मी वाट बघितली. शाफ्ट हलला नाही. शेवटी हात लांबवून चाक मीच फिरवलं, पाचही निपलांसाठी. बाहेरून बायको दर आकड्याला 'हो' म्हणत होती, पण खाली मला फार एकटं वाटलं.