लाल दोऱ्याचं शीड

माझी मोठी बहीण अनिता समुद्रात जाणाऱ्या बोटींची शिडं शिवते. पेणच्या माझ्या शिलाईच्या दुकानात हे मी गिऱ्हाइकाला सांगते, तेव्हा समोरची बाई हातातला ब्लाउजपीस तसाच धरून बघत राहते, आणि मला ते फार आवडतं. गागोद्याकडच्या भातशेतीवाल्यांच्या मुली आम्ही. आमच्या घराचा समुद्राशी संबंध सुक्या बोंबलापुरता.

लग्न होऊन ताई रोह्याजवळ वरशाला गेली आणि तिथे तिने ताडपत्र्या शिवायला घेतल्या. पडवीच्या, मांडवाच्या, पेणच्या गणपती कारखान्यांच्या. तिचा एकच हट्ट, ताडपत्रीला झोळ नको. झोळ आला की पावसाचं पाणी साचतं, शिवण जाते, आणि खालून वारा शिरला तर अख्खी ताडपत्री शेजारच्या आळीत. जरा कुठे पोट दिसलं की ती उसवून पुन्हा शिवायची. मग कोपऱ्यात लाल दोऱ्याने ‘अनिता, वरसे’ काढायची, कारण पावसाळा संपला की सगळ्यांच्या निळ्या ताडपत्र्यांची सरमिसळ होते. लाल अक्षरांची ताडपत्री गळत नाही, असं रोह्यात लोक म्हणतात. मीही म्हणते, पण मी पडले बहीण.

वडखळच्या पुढे, खाडीकाठच्या एका शेडमध्ये हैबतराव नावाचे गृहस्थ शिडाची मोठी बोट बांधत होते. पन्नास फुटी, आईच्या नावाने ‘गिरजाबाई’. तिच्यात महिनोन्महिने राहून त्यांना लांबच्या सफरी करायच्या होत्या. ताईला त्यांनी बोलावलं ते आतल्या गाद्यांना खोळी शिवायला. त्या पोचवताना मीही गेले. आतली शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली, बोट कितीही कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून. डोलकाठ्या दोन, कारण बोटीवर माणसं दोनच असणार, आणि एकच प्रचंड शीड दोघांना आवरत नाही, ते वाटून घ्यावं लागतं. आणि तळाखाली शिसं भरलेला लांब, जड कणा. “हा आहे म्हणून वाऱ्याने आडवी झाली तरी ती उठून बसते,” हैबतराव म्हणाले. त्या कण्यामुळेच तिला खोल पाणी लागणार होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणालाच ती खाडीतून बाहेर पडू शकणार होती.

खोळींची शिवण हैबतरावांना इतकी आवडली की मोठं शीडही त्यांनी ताईलाच सांगितलं. ते चाललं, तर बाकीची शिडं आणि ते पुढे बांधतील त्या बोटींचीही तिनेच शिवायची. नाही चाललं, तर परदेशातून तयार मागवायचं. त्या दिवशी ताई हवेतच होती. म्हणाली, “नूतन, ताडपत्री एका जागी भिजते नि फाटते गो. ह्ये शीड जग बघून येईल.”

शिडाचे पट्टे कापून आले होते. त्यांच्या कडांना पेन्सिलीने किंचित वाकडी रेघ मारलेली, आणि त्या रेघेवरूनच शिवायचं होतं. हैबतराव तेव्हा मुंबईला गेलेले. ताईने पहिले दोन पट्टे रेघेवर जोडून जमिनीवर पसरले, तर मधोमध झोळ! तिला वाटलं, रेघ मारणाऱ्याचा हात हलला. तिने ते उसवलं आणि सगळं शीड आपल्या पद्धतीने सरळ शिवलं. एक सुरकुती नाही. कोपऱ्यात लाल दोऱ्याने नावही काढलं. टक्स घातल्याशिवाय कापडाला गोलाई येत नाही, हे माझ्याकडची शिकाऊ पोरगीही सांगेल. पण मला विचारतं कोण?

उधाणाला गिरजाबाई बाहेर पडली. दुकानाला कुलूप लावून मीही बोटीवर. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद झालं, शीड चढलं, आणि बोट जागच्या जागी डुलत राहिली. मंद का होईना, वारा होता, शेजारून एक चिमुकली होडी आपलं ठिगळांचं शीड घेऊन निघूनही गेली. आमची जड बाई काही हलेना. हैबतरावांनी वर पाहिलं.

“अनिताताई, शिडाचं पोट कुठे गेलं?”

“मी काढलं.”

“काढलं?”

“व्हय. पाणी साचलं असतं ना.”

हैबतराव चिडले नाहीत, हसलेही नाहीत, आणि ताईला तेच जास्त लागलं. त्यांनी तळहात सपाट धरला, मग ओंजळीसारखा वाकवला. बाकदार शिडाच्या दोन्ही अंगांनी वारा वळून जातो आणि बोटीला पुढे ओढतो, म्हणाले. एवढी जड बोट हलवायची तर पोट हवंच, त्या वाकड्या रेघा त्यासाठीच होत्या. “मी तयार मागवतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, हे कामच वेगळं आहे.”

ताई शिडाकडेच बघत होती. “म्हंजे वारा शिरून ताडपत्री उडते, तसंच,” ती पुटपुटली. “जल्मभर जे होऊ दिलं नाय, तेच हितं करायचं.” मग मोठ्याने म्हणाली, “पुढच्या उधाणापर्यंत थांबा. कापड कापलेलं नाय मी, शिवणीत घेतलंय नुसतं. सगळं उसवते.”

हैबतराव बरं म्हणाले. काठाला लागल्यावर तिने सगळ्यात आधी कोपऱ्यातलं स्वतःचं नाव उसवलं. मला रडूच आलं. “तुला काय झालं गो? कातर दे,” ती खेकसली.

उसवणं सोपं होतं. अवघड होतं ताईच्या हातांना आवरणं. पट्टा जोडला, झोळ दिसला, की बोटं आपसूक ताणायला धावायची. “सोड, ताई!” मी ओरडायचे. “सोडते गो,” म्हणत ती स्वतःच्याच हातावर चापट मारायची. शीड पुरं झालं, पण कोपरा रिकामा होता. नावाचं विचारलं तर म्हणाली, “आधी चालू दे.”

पुढच्या उधाणाला पुन्हा निघालो. शीड चढलं, फडफडलं, आणि त्याने पोट धरलं. बोट अशी कलली की मी “उलटली!” म्हणून डोलकाठीला मिठी मारली. पण एका मर्यादेवर ती थांबली. खालचं शिसं आपलं काम करत होतं. मग ती चालू लागली, भरल्या बैलगाडीसारखी, घाई न करता. हैबतरावांनी सुकाणूच्या चक्रावरचे दोन्ही हात काढून दाखवले, तरी लांब कण्याची गिरजाबाई आपली सरळच जात राहिली. परतताना वारा समोरून होता. त्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची बोट जात नाही, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने, तिरपं जावं लागतं. दर वळणाला शीड धाडकन बाजू बदलायचं आणि ताई मान वर करून शिवणी बघायची. दर वेळी पोट पुन्हा भरायचं. माझ्या बहिणीने शिवलेल्या कापडावर एवढी मोठी बोट चालली होती, आणि मला अभिमानाने काही सुचत नव्हतं.

“आता काही मागवायचं नाही,” हैबतराव म्हणाले. “बाकीची शिडं कधी घेताय?”

ताईने पिशवीतून सुई आणि लाल दोऱ्याचं रीळ काढलं आणि शिडाच्या खालच्या कोपऱ्याशी गुडघे टेकले.

“काठावर गेल्यावर काढ की,” मी म्हटलं.

“नाय. भरलेलं हाय तवरच.”

रीळ उतारावरून घरंगळलं, ते मी धरलं. बोट कललेली, कापड फुगलेलं. ‘अनिता, वरसे’ ही अक्षरं चांगलीच वाकडी आली. ताईने मान तिरकी करून ती नीट पाहिली, दोरा दाताने तोडला आणि वाकडी अक्षरं उसवली नाहीत.