सोडलेले धडे

आयएमपी सर पुस्तक शिकवत नसत, कापत असत. जूनमध्ये आम्ही नव्या पुस्तकांना कव्हरं घालून मोठ्या कौतुकाने वर्गात यायचो आणि सर पहिल्याच तासाला म्हणायचे, "काढा पेन्सिली. पान चौऱ्याऐंशी ते ब्याण्णव, मारा फुली. लई पानी हाय ह्या धड्यात, मार्क न्हाईत." चाळीस पेन्सिली एकदम करकरायच्या. वाचायच्या आधीच धडा संपला याचा आम्हाला केवढा आनंद व्हायचा! फुली नीट तिरपी यावी म्हणून मी तर पट्टी लावायची.

सरांचं खरं नाव हजेरीच्या पहिल्या पानावर असायचं, ते तिथंच राहिलं. नांदूरघाटाकडच्या आमच्या हायस्कुलात ते गणित आणि विज्ञान शिकवायचे. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्याकडे सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात होत्या आणि कोणता प्रश्न कोणत्या साली आला हे त्यांना गठ्ठा न सोडता सांगता येई. प्रश्नांविषयी ते भावकीतल्या माणसांसारखं बोलायचे. "हा गेल्या साली येऊन गेला, औंदा घरी बसंल." "ह्यो मात्र रुसून बसलाय तीन वर्षं, औंदा येतोच बगा." आणि तो यायचा. केजपासून वडवणीपर्यंतची पोरं रविवारी त्यांच्या ओट्यावर वह्या घेऊन बसायची. सर कुणालाही नाही म्हणत नसत. मुलांना मात्र दमात घ्यायचे, "अय, काय बे, जत्रंला आलास का? लिही."

आता मी स्वतः शिक्षिका आहे, प्रशिक्षणात 'आकलन', 'कृतियुक्त अध्ययन' असे शब्द ऐकून आले आहे, आणि सरांना नावं ठेवणं मला सहज जमेल. पण आमचा वर्ग दिवाळीनंतर कसा दिसायचा ते सांगायला हवं. टोळ्या ऊस तोडायला निघाल्या की अर्धे बाक रिकामे. मुलगे कुणी आजीजवळ राहायचे, पण मुलींना, मलाही, आईबाप बरोबर न्यायचे. फडावरच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीवर, भाकरी थापायला आणि धाकटी भावंडं सांभाळायला कुणी तरी लागायचंच. परीक्षेच्या तोंडावर त्या परत यायच्या तेव्हा हातांना उसाच्या पाचटाचे ओरखडे असायचे आणि हाताशी जेमतेम तीन आठवडे. या तीन आठवड्यांत मावेल एवढंच पुस्तक सर शिल्लक ठेवायचे.

बरं, ते नुसती वाटही पाहत बसत नसत. आयएमपी प्रश्नांच्या झेरॉक्स काढून फडाकडे निघालेल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या हाती द्यायचे. एका रविवारी तर स्वतः एसटीने कारखान्यापर्यंत आणि तिथून आमच्या फडावर आले. आम्ही मायलेकी मोळ्या बांधत होतो आणि सर बांधावर उभे राहून मला ओहमचा नियम विचारत होते. आई लाजेने अर्धी झाली. "सर, च्या तरी घ्या," म्हणाली. सर म्हणाले, "च्या नको, वहिनी. पोरगीला मार्चला टायमावर आना, एवढंच करा."

असं का करतात, हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं. निरोप समारंभाच्या तयारीत कुणीतरी त्यांना विचारलं, सर, पास झालं म्हणजे माणूस शिकला का? सर खडूची धूळ झटकत म्हणाले, "पास होनं म्हंजे शिक्षन न्हाई, हे मला बी कळतं. पन तुमच्या घरी पोरगी नापास झाली की लगीन हाय. म्हनून आधी पास व्हा." मुलींच्या बाजूने कुणी हसलं नाही.

त्यांच्या पद्धतीतला तडा मीच पहिल्यांदा दाखवला, तोही अजाणता. प्रकाशाच्या धड्यात शाळेत मी पहिली होते. अपवर्तनाची व्याख्या एका दमात म्हणायची. सरांनी एक दिवस आम्हाला हौदाकडे नेलं, हातातली काठी पाण्यात तिरपी धरली आणि मला विचारलं, "वाकडी कावून दिसती गं?" मी म्हणाले, "सर, हे आयएमपीत न्हाई." सगळे हसले, सरही हसले. मग त्यांनी काठी पँटीला पुसली आणि आम्हाला परत वर्गात नेलं. उत्तर माझ्या तोंडपाठ व्याख्येतच होतं, हे मला बी.एस्सी.ला कळलं.

आमच्याच दहावीच्या वर्षी बोर्डाने सरांना चकवलं. धातूंच्या धड्यावर आम्ही जूनमध्ये फुली मारली होती आणि विज्ञानाच्या पेपरात त्याचेच प्रश्न रांगेत उभे. मी कशीबशी निभावले. माझ्या बाकावरची सीमा दोन गुणांनी गेली. तीन आठवड्यांत तिने सर म्हणतील ते सगळं घोकलं होतं; त्यापलीकडचं एक अक्षर तिला येत नव्हतं, कारण कुणी येऊच दिलं नव्हतं. सर फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन तिच्या घरी गेले तेव्हा दारात मांडवाच्या मेढी रोवलेल्या होत्या. तिचे वडील भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, तुमीच म्हनला व्हता, एवढं केलं की पास हुईल." सर फॉर्म तसाच घडी करून परत आले. दिवाळीनंतर सीमा नवऱ्याबरोबर तोडीला गेली. तिला सोळावं सरायचं होतं.

त्यानंतर सरांनी धडे सोडणं सोडलं. पुढच्या वर्षी माझा भाऊ त्यांच्या वर्गात होता. तो सांगायचा, सर आता सगळ्याच ओळींखाली रेघा मारायला लावतात. एक धडा बाजूला ठेवला की तासाभराने परत येतात, "न्हाई न्हाई, त्यो बी करा, सांगता येत न्हाई." पोरं माघारी चेष्टा करायची, सरांचं पुस्तकच आयएमपी झालं म्हणून. रविवारचा ओटा ओस पडला. केजकडची पोरं दुसरे सर शोधायला लागली, आणि सर निकालाच्या दिवशी शाळेत यायचंच टाळू लागले.

नोकरी लागल्यावर मी पेढे घेऊन धारूरला त्यांच्या मुलाच्या घरी गेले. सर वाळले होते. पेढा हातातच राहिला. "सीमा भेटती का?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, दोन मुली आहेत तिला, बरी आहे. बरी आहे की नाही, मला माहीत नव्हतं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी शिकवलं न्हाई गं तुमाला. मी पोरी वाचवत बसलो. शिकवायचं राहून गेलं, आन वाचवायचं बी पुरं झालं न्हाई." मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही, याचं वाईट वाटतं. गेल्या साली ते गेले; मला दहाव्यानंतर कळलं.

आज माझ्या वर्गात पल्लवी आहे. हुशार आहे, प्रश्न फार विचारते. परवा ती फडावरून आली, परीक्षेला एकवीस दिवस उरलेले. मामाने स्थळ आणलंय, निकालावर ठरणार आहे. तक्रार करता येते, कायदा आहे, मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी एकीसाठी मी केलीही होती. लग्न चार दिवसांनी दुसऱ्या तालुक्यात लागलं आणि मुलगी मला पुन्हा दिसली नाही. आता पल्लवीकडे बघून वाटतं, हिला एकवीस दिवस मनापासून शिकवावं, तिच्या सगळ्या प्रश्नांसकट. मग वाटतं, आणि दोन गुण कमी पडले तर?

मधल्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन आली. "मॅडम, पास व्हायला किती धडे लागतील?"

मी मनात हिशेब केला. "सात. हे सात पक्के कर."

तिने सातही धड्यांना कोपरे दुमडले. बाकीची पानं अंगठ्याने भरकन सोडली, आणि तिथंच उभी राहिली.

"मॅडम, मग बाकीचे कावून छापलेत?"

"आधी पास हो, मग सांगते," मी म्हणाले. ती मान हलवून गेली, आणि मला माझीच भीती वाटली.