सगळं तुमचंच

विमलताईंच्या साडीचं, लोणच्याचं, कशाचंही कौतुक करा, त्या हात जोडून म्हणायच्या, "आमचं कसलं? सगळं तुमचंच!" माझं आयुष्य रंगभूमीवर गेलं, पण इतकं मनापासून म्हटलेलं वाक्य मी क्वचित ऐकलं.

२०१४ साली सिंगापूरला, टॅम्पिनीसमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर त्या आपल्या मुलाकडे, निशिकांतकडे राहत. फ्लॅट भाड्याचा, फर्निचरसकट. घरमालक कर्जात बुडाला आणि त्याचं सामान जप्त करायला कोर्टाच्या शेरीफकडून माणूस येणार असं कळलं. सून सुनेत्राचा जीव अडकला वडिलांच्या ऑर्गनमध्ये. संगीत नाटकात ते साथीला असत. माझी कितीतरी पदं त्याच सुरांवर उभी राहिली. आता तो मालकाचा नाही हे पटवायचं कसं? पावती कुठली असायला!

सासूबाईंचं ब्लडप्रेशर वाढेल म्हणून सुनेत्राने जप्तीचं सांगितलंच नाही. 'शेरीफ' एवढंच त्यांच्या कानी पडलं. मुंबईचे शेरीफ त्यांनी गिरगावात एका सत्काराला पाहिले होते. "अगं, मानाचा माणूस येतोय!" म्हणत त्यांनी शिरा केला, ऑर्गनला हार घातला.

निशिकांत ऑफिसात, म्हणून सुनेत्राने मला सोबतीला बोलावलं. बेल वाजली. स्कार्फ बांधलेल्या एक बाई आत आल्या, हातात सीलचे स्टिकर. सोफा झाला, टीव्ही झाला, फ्रिज झाला. तिसऱ्या घंटेआधी विंगेत उभी राहायचे तशी मी भिंतीला टेकून उभी होते. ऑर्गनपाशी त्या थांबल्या.

"व्हेरी नाइस. हूज वन, आंटी?"

विमलताईंनी हात जोडले. "नॉट अवर्स! ऑल युवर्स!"

"आई, काय बोलताय हे!" सुनेत्रा पांढरीफटक पडली.

"नॉट युवर्स? देन आय टेक, हां?" बाईंनी स्टिकर सोलला.

"टेक?" विमलताईंचं हसू विरलं. "म्हणजे नेणार?" त्यांनी झेपावून ऑर्गनला मिठीच मारली. हार चुरगळला. "नो टेक! डॉटर-इन-लॉ फादर! फादर डेड!"

पाहुण्यांना आमच्यात असंच म्हणतात, हे मी मोडक्या इंग्रजीत बाईंना समजावलं. त्यांनी आम्हा तिघींकडे पाहिलं. मग स्टिकर बोटांनी चुरगाळला.

"आंटी, नेक्स्ट टाइम जस्ट से माइन, लाह," त्या सिंगापुरी ढंगात म्हणाल्या.

शिऱ्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

महिन्याभराने ताईंच्या कुंडीतल्या गवती चहाचं मी कौतुक केलं. त्या दचकल्या. कुंडीवर हात ठेवून घाईघाईने म्हणाल्या, "आमचा आहे हो. आमचाच."