उंबऱ्याची ओळ

आधीच सांगतो, या लेखात पाण्यात बुडून गेलेल्या दोघींचा उल्लेख आहे. अशी एक ओळ लेखाच्या वर लिहायला मी दोन वर्षांपूर्वी नकार दिला होता. नुसता नकार नाही, तिची चारचौघांत टिंगल केली होती. चूक माझी होती, आणि नकळत झाली असं म्हणायची सोय मला नाही.

फेसबुकवर आमचा एक समूह आहे. आपापल्या आठवणी लिहायच्या, एकमेकांच्या वाचायच्या. तो सुरू केला मनमाडच्या एका ताईंनी. त्या रेल्वेच्या तिकीट खिडकीवरून निवृत्त झालेल्या. मी नाशिकला द्वारकेजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवणीच्या पावत्या लिहितो. बरं लिहितो म्हणून त्यांनी मला जोडीला अॅडमिन केलं, आणि तेव्हापासून मी स्वतःला लेखक समजायला लागलो.

एक दिवस ताईंनी समूहात लिहिलं की मृत्यू, मारहाण, अपघात असं काही लेखात असेल तर वर एका ओळीत तसं सांगावं. कुणाकुणाला त्याचा त्रास होतो. त्या ओळीला त्यांनी नाव दिलं, उंबरा.

"उंबरा दिसला की माणूस पाय उचलतो," त्यांनी लिहिलं. "तेवढंच. दार काही आपण बंद करत नाही."

मी खाली लिहिलं, "मग दुधाच्या पिशवीवरही छापूया. जपून, आत दूध आहे."

लगेच एकाने पुढे जोडलं, "दादा, आणि मिसळीवर? तर्री डोळ्यांत उडू शकते, काळीज घट्ट करून खावी."

पाऊणशे जणांनी हसून घेतलं. ताई एवढंच म्हणाल्या, "हसा. पण लिहा."

"मी लिहिणार नाही," मी उत्तर दिलं. "शेवट आधी सांगितला तर गोष्ट कसली?" अॅडमिनला कोण अडवणार?

पुढच्या महिन्यात मी आमच्या लहानपणची एक आठवण लिहिली. नवरात्राच्या आधी आमची अख्खी गल्ली गोधड्या धुवायला पाटावर जायची. पाट म्हणजे धरणाचा कालवा. शेजारच्यांचा टेम्पो, त्यात गोधड्यांचा डोंगर, डोंगरावर माझी आत्या पाय पसरून बसलेली. साबणाची वडी पाण्यात निसटली की काठाकाठाने तिच्यामागे पळणाऱ्या बायका. भिजलेली गोधडी दोन टोकांना दोघींनी धरून पिळायची, आणि एकीने मुद्दाम जास्त पीळ दिला की दुसरी गोल फिरायची. तीन पानं मी नुसतं हसवलं. शेवटच्या चार ओळींत समोरच्या घरातल्या काकू भिजलेल्या गोधडीसकट पाटात ओढल्या गेल्या. माझं शेवटचं वाक्य होतं: संध्याकाळी गोधडी सापडली, काकू दुसऱ्या दिवशी.

हे खरंच घडलेलं होतं. पण ते वाक्य सुचलं तेव्हा मला काकू आठवल्या नव्हत्या. वाक्य जमलं, याचाच आनंद झाला होता.

"काय धक्का दिलात दादा!" अशा प्रतिक्रिया येत राहिल्या. दिवसभर बिल्ट्या लिहिताना मी मध्येमध्ये मोबाइल उघडून त्या वाचत होतो. फक्त एक प्रतिक्रिया आली नाही. येवल्याच्या एक ताई समूहात होत्या, पैठणीच्या मागावर बसणाऱ्या. माझ्या लेखाखाली सगळ्यांत आधी त्यांचं यायचं, "दादा, आईला वाचून दाखवलं. हसून हसून बेजार झाली." त्या स्वतःही नुकत्याच लिहायला लागल्या होत्या. रंगवलेल्या रेशमाच्या वासावर त्यांनी अर्धं पान लिहिलं होतं. तसं मला आजवर जमलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्या समूहातून निघून गेल्या. मनमाडच्या ताईंचा फोन आला.

"अहो दादा, त्यांनी समूहात आल्यावर स्वतःची ओळख लिहिली होती. वाचली होती ना तुम्ही?"

"वाचली असेल."

"असेल?" त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी मागे जाऊन ती ओळख शोधली. चारच वाक्यं होती. 'मी येवल्याची, मागावर बसते. धाकटी बहीण गोधड्या धुताना पाटात गेली. त्यावर मी लिहिणार नाही. कुणी तसं लिहिणार असेल तर आधी सांगा, एवढीच विनंती.' त्याखाली पहिलं नाव माझं होतं. 'स्वागत ताई', आणि पुढे जोडलेले दोन हात.

म्हणजे उंबऱ्याची मागणी मुळात त्यांची होती. मनमाडच्या ताईंनी त्यांचं नाव न घेता ती पुढे मांडली होती. मी ती ओळख न वाचताच हात जोडले होते की वाचून विसरलो होतो, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्हींतलं कुठलंही खरं निघालं तरी मला बरं वाटणार नाही.

घाबरून मी समूहात लिहिलं, 'माझ्या लेखामुळे जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर क्षमस्व.'

मनमाडच्या ताईंनी खाली सगळ्यांदेखत विचारलं, "हा जर कशाला दादा? दुखावल्या की नाही, तुम्हाला ठाऊक नाही?"

मला राग आला. एवढ्याशा गोष्टीचं किती, असंही वाटलं. मग त्याच आठवड्यात ऑफिसात एका खोक्यावर 'काच सामान'ची पट्टी लावायची माझ्याकडून राहिली. हमालाने ते नेहमीसारखं खांद्यावरून खाली टाकलं. आतून आवाज आला तसा तो माझ्याकडे वळला.

"साहेब, काच हाय एवढं सांगितलं असतं तर दोन हातांनी उतरवलं असतं. मी काय उचलायला नाय म्हणलो असतो का?"

वीस वर्षं मी त्या पट्ट्या चिकटवतोय.

त्या दिवशी मी येवल्याच्या ताईंना खासगी निरोप पाठवला की चूक माझी आहे आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत तरी ते बरोबरच आहे. चार दिवसांनी उत्तर आलं. इथे ते मी त्यांना विचारून देतो आहे.

'दादा, तुमचा लेख म्हणून पुढचं न बघताच आईला वाचायला घेतला. आई साबणाच्या वडीला खूप हसली. मग काकू आल्या. मी थांबले. आई म्हणाली, थांबलीस का गं, पुढं वाच ना. मग मी तोंडाला येईल ते सांगितलं, की गोधड्या वाळल्या आणि सगळे टेम्पोत बसून घरी गेले. आई म्हणाली, छान आहे. तुमच्या गोष्टीचा शेवट मला बदलावा लागला. आणि तुम्ही पिळायचं लिहिलंय ना, त्या दिवशी आमच्या गोधडीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. आता मोबाइलवर काही वाचायला घेतलं की आधी खालपर्यंत बघते, मग वर येते. तसं वाचण्यात मन लागत नाही. लिहिणंही थांबलंय.'

मी त्या जुन्या लेखाच्या वर उंबरा घातला. दुधाच्या पिशवीच्या विनोदाखाली लिहिलं की हे बोलणारा माणूस चुकला होता. पण खरं देणं समूहाचं नव्हतं, येवल्याच्या ताईंचं होतं. माफीचे चार मसुदे फाडले. प्रत्येकात कुठे ना कुठे माझा हेतू कसा चांगला होता, हे येत होतं. शेवटी त्यांना पाठवलं ते असं:

'उंबरा: यात पाटाचा उल्लेख आहे आणि माझी माफी आहे. इथूनच परत फिरलात तरी चालेल.

ताई, तुम्ही एकच गोष्ट मागितली होती. मी तिच्याखाली हात जोडले आणि विसरलो. ती पुन्हा मागितली गेली तेव्हा मी तिची टिंगल केली. मग माझं वाक्य चांगलं दिसावं म्हणून तुम्हाला आणि आईंना हसत हसत त्या पाटापर्यंत नेलं. आईंना तुम्ही जो शेवट सांगितलात तो माझ्यापेक्षा चांगला आहे. यात कुठेही जर नाही. मी चुकलो. मला माफ करा.'