भावजींची कंबर

"पँट घट्ट होईल कशी? घट्ट व्हायच्या आधी तुम्हीच उसवता ना!"

"अगं, कापड आटतं."

"कापड आटतं, आणि शर्टाची बटणं काय भांडून पळून जातात?"

हे भांडण मी फळ्यांच्या भिंतीआडून ऐकलं. पुढच्या खोलीत माझ्या धाकट्या दिरांचं शिंप्याचं दुकान, मागे माझी चूल. जाऊबाईंचा आवाज तसाही भिंतीला जुमानत नसे.

पोट सुटलं की बाकीच्यांना पँट सांगते. भावजी मात्र पँटीचं तोंड आधीच बंद करत. शिवणीत राखलेलं जादा कापड जरा सोडायचं, टीप मारायची, झालं! साऱ्या गावाची मापं घेतली, पण स्वतःला कधी टेप लावली नाही. हातपाय काटकुळे, आणि दुकानात आधी पोट यायचं, मागून भावजी.

भांडण पँटीवरून निघालं, पण ते पँटीचं नव्हतं. भावजींच्या पोटात डाव्या अंगाला दुखत होतं आणि ते दवाखान्याचं नाव काढू देत नव्हते. शेवटी हळूच म्हणाले, "गाठ निघाली तर?" मी भाजी ढवळायची विसरले, ती करपली.

मग मीच पुढे झाले. "चला भावजी. असेल तर घरी बसून जाणार आहे का ती?"

तपासण्या झाल्या, पोटाचा स्कॅनही झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ नाही." भावजींनी असा श्वास सोडला की पोट आणखी पुढे आलं. "पण मोठ्या आतड्याच्या भिंतीत चरबी साचलेली दिसते."

"चरबी तर ही बाहेर आहे," भावजींनी पोटावर थाप मारली.

"चिमटीत येते ती बाहेरची. आत आतड्यांभोवतीही साठते. कंबरेचा घेर वाढला की कधी कधी आतड्याच्या भिंतीतही, पदरांच्या मधे, दिसते."

"म्हणजे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये कापूस?"

"तसंच. सगळ्यांना होतं असं नाही. दुखणं त्यानेच आहे असंही म्हणत नाही, त्याला औषध देते. पण आतली चरबी निवांत बसत नाही, काड्या करते. घेर उतरवा."

घरी येऊन भावजींनी टेप माझ्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही घ्या माप. माझा हात खोटं बोलेल." आकडा बघून जाऊबाई म्हणाल्या, "एवढ्यात दोन उशांच्या खोळी होतील." पण डोळे पुसत म्हणाल्या.

भावजींनी सगळ्या पँटींचं जादा कापड कापून टाकलं. आता पँट बोलली की ऐकावं लागे. शिवलेले कपडे गिऱ्हाइकाच्या घरी पायी पोचवू लागले. दुखणं थांबलं. घेर उतरायला मात्र फार दिवस लागले, तोही रुसत-फुगत. मधे एकदा वाढलासुद्धा. तरी पुढे भावजी भरपूर जगले, पार दात पडेपर्यंत.

वारले त्या सकाळीही पुलापलीकडच्या एका घड्याळजीचा कोट द्यायला चालत गेले होते. कोट त्याच्या अंगावर चढवला. "हात वर करा. आता खाली." खांदा जरा सरळ केला, बाहीला लोंबणारा दोरा कात्रीने कापला, कोट गुंडाळून आणलेला कागद घडी घालून खिशात ठेवला, आणि "नीट बसलाय" म्हणून जिना उतरले.