सालीचं कडं

लढाईच्या दिवसांत गोडदेवला आमच्या शेजारी विज्ञानाचे एक मास्तर राहत. काहीही सांगण्याआधी ते खोकत आणि बोटाने हवेत झाडाचं खोड रेखाटत. "लाकडातून पाणी वर जातं, सालीतून अन्न खाली येतं," हे ते न्हाव्यालाही सांगत. न्हावी म्हणे, "मान हलवू नका."

पलीकडच्या काकीचा आंबा फळ धरत नव्हता. अशा झाडाला आमच्याकडे दम देतात. एकाने कोयता उगारायचा आणि दुसऱ्याने "राहू दे, पुढच्या साली धरील" म्हणत त्याचा हात धरायचा. काकीने कोयता मास्तरांकडे दिला. ते म्हणाले, "दमाने काय होतंय? अन्न वरच अडवू." आणि काकी हात धरायच्या आत त्यांनी बुंध्याभोवती चार बोटं रुंद सालीचं कडं सोलून काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात फांद्या आंब्यांनी वाकल्या. "कोयत्याला घाबरला हाय," काकी गावभर सांगत सुटली. मास्तरांनी खोडून काढलं नाही, याचंच मला नवल वाटलं. त्यांनी एकच आंबा खाल्ला, कोय त्याच झाडाशेजारी पुरली आणि रोज सकाळी तिला पाणी घालू लागले.

"मास्तर, एवढा झाड हाय, दुसरा कशाला?" काकीने विचारलं.

मास्तर खोकले. हवेत वरून खाली येणारं त्यांचं बोट कमरेपाशी, साल सोललेल्या कड्याच्या उंचीवर थांबलं. "मुळं उपाशी आहेत, काकी."

दुसऱ्या दिवसापासून काकी बुंध्याशी वाटीभर पेज ओतू लागली. मास्तर बाजूला सरून तिला जागा करून देत.